लिपात्ती ऐकताना, नोंद सहावी: तेरा वॉल्ट्झ

रोमानियन पियानोवादक दिनू लिपात्तीची रेकॉर्डिंग 1943 च्या बुखारेस्टपासून क्रमाने ऐकत ऐकत अखेर 1950 पर्यंत आलो. व्हायोलिनवादक एनेस्कूबरोबरचे व्हायोलिन सोनाटे, 1947 चा ग्रीगचा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना), 1948 चा संचालक कारायानबरोबरचा शूमानचा कॉन्चेर्टो हे आधीच्या नोंदींत आलंच आहे. गेले तीन आठवडे फक्त संगीतकार शोपँचे वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या नृत्यलयीतल्या पियानोरचना, तेही दोनच रेकॉर्डिंगमधले: जुलैचं जिनिव्हाच्या रेडिओ स्टुडिओतलं आणि 16 सप्टेंबरचं फ्रान्समधल्या बेझाँसाँच्या मैफलीचं.

जुलैत कॉर्टिझोन या औषधाने लिपात्तीला जरा उतार पडला होता, म्हणून निर्माते वॉल्टर लेग माणसं आणि यंत्रं घेऊन जिनिव्हालाच गेले. सप्टेंबरपर्यंत तो उतार सरला. 2 डिसेंबरला, 33 व्या वर्षी, हॉजकिन्सच्या आजाराने, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने, लिपात्ती गेला.

हे ठाऊक असलं की कान मैफलीत थकवाच शोधू लागतो. माझं दोन वेळा तसंच झालं. मग नोटेशन समोर धरून नुसता डावा हात ऐकत बसलो. सी-शार्प मायनर वॉल्ट्झमध्ये पहिली मात्रा टेकते आणि पुढच्या दोन नुसत्या स्पर्शून जातात. उजवा हात कितीही रेंगाळला तरी खालची लय हलत नाही. बेझाँसाँतही ती तशीच शाबूत आहे. थकवा मला तरी कुठे सापडला नाही.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा उमगली. त्या संध्याकाळी चौदापैकी तेराच वॉल्ट्झ झाले. राहिला तो छापील क्रमातला चौदावा असेल असं मी धरून चाललो होतो. पण राहिलाय क्रमांक दोनचा, ओपस (रचना-क्रमांक) 34 मधला ए-फ्लॅट मेजर! लिपात्ती वॉल्ट्झ स्वतःच्या क्रमाने वाजवायचा. छापील चौथ्यापासून सुरुवात, क्रमांक दोनवर शेवट. तेवढा शेवटचा हातून होईना, तेव्हा त्याने बाखचं ‘जेसू, जॉय’ वाजवून मैफल संपवली. ते रेकॉर्डिंगमध्ये नाही.

आता जुलैच्या रेकॉर्डिंगमधला तो ए-फ्लॅट मी वेगळा काढून ऐकतो. बेझाँसाँचे तेरा संपले की लगेच.

पुढच्या नोंदीत मोत्सार्टचा ए मायनर सोनाटा, याच दोन ठिकाणचा. बेझाँसाँत वाजवण्याआधी लिपात्ती पट्ट्यांवरून हात फिरवून सूर चाचपतो, गवई तंबोरा जुळवून घेतो तसा. सुरुवात तिथूनच करणार आहे.