कील चिरलेलं जहाज आणि बैठकीचं गणित

दुरुस्तीला आलेलं ते जहाज म्हणजे तीन डोलकाठ्यांची लाकडी प्रतिकृती होती. 1:64 प्रमाण, लांबी 90 सेंटिमीटर, वजन जेमतेम तीन किलो. तक्रार एका ओळीची: 'जहाज कलतंय, खालचा स्क्रू घट्ट करून द्या.' बैठक म्हणजे लाकडी पाट, त्यावर दोन पितळी खांब आणि त्यांतून जहाजाच्या तळात जाणारे स्क्रू. स्क्रू सैल नव्हताच. मागच्या पितळी खांबाजवळ कील, म्हणजे जहाजाचा कणा, चांगला सहा सेंटिमीटर उभा चिरला होता. त्यात कुणी आणखी दोन फेरे आवळले असते, तर चीर थेट बुडाच्या फळ्यांपर्यंत गेली असती.

कारण मोजपट्टीनेच सांगितलं. कीलची जाडी 5 मिलिमीटर आणि आत घुसवलेला लाकडी स्क्रू 4 मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंना उरलं अर्धा-अर्धा मिलिमीटर लाकूड. आधी बारीक भोक न पाडता असा स्क्रू पिळला की तो पाचरीचं काम करतो आणि रेषेच्या दिशेने लाकूड उकलतो. त्यात बैठकीच्या पाटाला पीळ पडलेला. समोरासमोरचे दोन कोपरे टेबलावर टेकत, उरलेले दोन उचललेले. लाकूड अर्धवट वाळलेलं, आणि पॉलिश फक्त वरच्या बाजूला. खालची बाजू कोरी असल्याने दमट हवेत दोन्ही अंगं वेगवेगळी फुगत होती. पाटाला पीळ पडला की पुढचा खांब एकीकडे झुकतो, मागचा दुसरीकडे, आणि सगळा ताण कीलवर येतो. पाटाला सहाही बाजूंनी पॉलिश द्यावं लागतं, तळालासुद्धा. याचा कंटाळा बहुतेकांना येतो.

दुसरी चूक नजरेत भरणारी होती. दोन्ही खांब एकाच उंचीचे, दुकानातल्या जोडीतले. पण जुनी जहाजं पुष्कळदा मागे जास्त खोल असत, त्यामुळे कील पाण्याच्या रेघेला, म्हणजे पाणी बुडाला जिथवर येतं त्या रेषेला, समांतर नसते. इथे दोन खांबांमधल्या 45 सेंटिमीटरमध्ये 4 मिलिमीटरचा फरक निघाला. पाट पाणसळीने सपाट करून रेघ पुढून-मागून मोजली, तर नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, ती खाली. जहाज नाकावर चालल्यासारखं दिसत होतं. मागचा खांब 4 मिलिमीटरने कमी करायचा ठरला.

दोरखंड चढलेलं जहाज उलटं करता येत नाही. आडव्या काठ्या आधी मोडतात. म्हणून दोन टेबलांमध्ये हातभर फट ठेवली, दोन्ही कडांवर वाळूच्या कापडी पिशव्या रचल्या आणि बूड त्यांवर टेकवलं. पिशवी बुडाच्या आकाराची होते, भार एका जागी येत नाही. मग खाली बसून, आरसा धरून काम.

चिरेत पातळ केलेला पांढरा लाकडाचा गोंद इंजेक्शनच्या सिरिंजने सोडला, हलक्या क्लॅम्पने दाबला, बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुसला आणि 24 तास हात लावला नाही. जुन्या भोकांत बांबूची सळी इपॉक्सी गोंदात बसवली. त्याच भोकात जाड स्क्रू घालायचा मोह होतो, तो टाळावा.

नवी भोकं कुठे? फळ्यांवरच्या बारीक खिळ्यांच्या उभ्या रांगा पाहिल्या की आतले प्लायचे आडपडदे, म्हणजे फळ्या ज्यांवर ठोकतात ते आडवे तुकडे, कुठे आहेत ते कळतं. खांब त्यांच्याखाली यावेत, शक्यतो कीलच्या दोन्ही टोकांपासून पाव लांबीवर. बिट सरकू नये म्हणून 5 मिलिमीटरची खाच असलेला लाकडी ठोकळा कीलवर चढवला. खाचेच्या मधोमध मार्गदर्शक भोक. हाताने फिरवायच्या ड्रिलने आधी 1.5, मग दुसऱ्या ठोकळ्यातून 2.2 मिलिमीटर. 25 मिलिमीटरवर बिटला चिकटपट्टीची खूण. त्यात एम2, म्हणजे 2 मिलिमीटर जाडीची, आट्यांची पितळी सळी इपॉक्सीने बसवली. इपॉक्सी ओलं असतानाच खांब आणि पाट लावून सळ्या सरळ करून घेतल्या. खांबांच्या खाचांना आधी मेण, नाहीतर तेही कायमचे चिकटतात. पाटातलं भोक मुद्दाम 3.5 मिलिमीटरचं ठेवलं, म्हणजे वॉशरखाली थोडी सरकायला जागा राहते.

एवढ्यानेही कलणं थांबत नाही. कील 5 मिलिमीटर रुंद, वर 65 सेंटिमीटरची डोलकाठी. बुडाशी एक अंश झुकाव झाला की शेंडा एक सेंटिमीटरहून जास्त सरकतो. रुंद खाचेची लाकडी घोडी केली असती तर प्रश्नच नव्हता, पण ती बुडाच्या फळ्यांची सगळी वळणं झाकते आणि हे बूड दाखवण्याजोगं होतं. म्हणून मध्यावर दोन्ही अंगांना 2 मिलिमीटर पितळी सळीचे टेकू दिले. ते वजन घेत नाहीत, फक्त टेकतात. टेकूंच्या टोकांवर पीव्हीसीची मऊ नळी चढवायची सूचना मालकांनी केली होती. तिच्यातलं तेलकट द्रव्य रंगात उतरतं आणि काही महिन्यांत नळी बुडाला चिकटते. लोकरीच्या नमद्यातून गंधकाची संयुगं निघतात, पितळ-तांबं काळवंडतं. पॉलिएथिलीन फोमचे तुकडे लावले.

काचेची पेटी ओकची हवी होती, तीही नाकारली. ओकच्या लाकडातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि बंद पेटीत शिशाच्या तोफांवर पांढरी भुकटी धरते.

शेवटी पाटाची एक कड दोन बोटं उचलून पाहिली. जहाज पाटाबरोबर आलं, मध्ये कुठे कुरकुर नाही. नट बोटाने घट्ट, वर पाव फेरा, बस्स. तीन दिवसांनी पाहिला तर किंचित सैल झाला होता, फोम दबल्यामुळे. परत पाव फेरा आणि नेलपॉलिशचा एक थेंब. पाटाच्या तळाला चिठ्ठी चिकटवली: 'एम2 नट. पान्याने आवळू नये. उचलताना पाट धरावा.'