मेन डोअरची काच, तिच्यावरची वेल आणि रस्त्यावरनं दिसणारा आमचा हॉल

कोल्हापुरात कळंबा, फुलेवाडी, आर. के. नगर, उचगाव, कुठल्याही बाजूच्या नव्या कॉलनीत चक्कर मारा, सागवानी मेन डोअर आणि त्यात डिझाईनची काच हे हमखास दिसणार. मला ही पद्धत मनापासनं आवडते. हॉलमध्ये उजेड येतो, दुपारी लाईट लावावी लागत नाही, आणि दाराला एक चेहरा येतो. पण घर राहतं झालं की महिन्याभरात प्रत्येकाची एकच तक्रार सुरू होते, बाहेरनं सगळं दिसतंय. मग कुणी म्हणतं काच काढून प्लाय मारा, कुणी म्हणतं काळी फिल्म चिकटवा, कुणी जाड पडदा टाकून मोकळं होतं आणि ज्या काचेसाठी एवढा हौसेनं खर्च केला ती परत कधी दिसतच नाही. म्हणून हे लिहितोय, कारण काच न घालवता आडोसा करता येतो आणि त्यासाठी फार पैसे पण लागत नाहीत, फक्त आधी नीट बघावं लागतं.

आमचं दार दोन पल्ल्यांचं आहे. दोन्हीत उभी साधी काच, तिच्यावर सँडब्लास्टिंगनं, म्हणजे वाळूचा मारा करून काच खरखरीत-पांढरट करतात त्या पद्धतीनं, केलेली वेल, खाली कुंडी, वर दोन पक्षी, आणि दाराच्या दोन्ही बाजूला अरुंद उभ्या काचा. डिझाईन मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः कागदावर काढून दिलं होतं, त्यामुळं ती काढायचा विषय आमच्या घरात कुणी काढलाच नाही. पण वेलीच्या पानापानात जी मोकळी जागा आहे ती पूर्ण पारदर्शक. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, संध्याकाळी हॉलमध्ये गुडघ्याला तेल लावत बसतात, मुलं गादी टाकून लोळत असतात, पलीकडं डायनिंग टेबल, आणि हे सगळं गेटवरनं जाणाऱ्याला सरळ रेषेत.

आता मुळातलं बघा. काचेतनं कुठनं कुठं दिसणार हे काचेवर कमी आणि उजेडावर जास्त ठरतं. ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू पलीकडच्याला दिसते. दिवसा बाहेर ऊन, आत सावली, त्यामुळं आतनं बाहेरचं छान दिसतं आणि बाहेरच्याला काचेत स्वतःचं गेट आणि आभाळच दिसतं. दिवेलागण झाली की उलटं. रात्रीच्या एसटीत आतली लाईट लागल्यावर खिडकीत आपलंच तोंड दिसतं आणि बाहेरचं शेत दिसत नाही, पण रस्त्यावर उभा असलेल्याला अख्खी गाडी दिसते, तेच इथं होतं. न्यू पॅलेसच्या दरबार हॉलमध्ये शिवाजी महाराजांच्या चरित्रातले प्रसंग असलेल्या रंगीत काचा आहेत, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर १८८४ साली पूर्ण झालेला तो राजवाडा, मुलांना दाखवायला गेलात तर एक गोष्ट मुद्दाम करा, दिवसा आतनं त्या काचा बघा आणि मग बाहेर येऊन त्याच काचा बघा. आतनं रंग पेटल्यासारखे दिसतात आणि बाहेरनं काच मंद, काळपट. उजेड आरपार आपल्याकडं येतोय की नाही एवढाच फरक.

त्यामुळं काहीही विकत आणायच्या आधी रात्री आठ-साडेआठला हॉलची लाईट चालू ठेवून, घरच्यांना नेहमीच्या जागी बसवून, बाहेर रस्त्यावर जाऊन उभं राहा. नंतर गेटवर, नंतर पायरीवर. तिन्हीकडनं वेगळं दिसतं. आपल्याकडं घराची जोती रस्त्यापेक्षा उंच असते, दोन-अडीच फूट तरी, त्यामुळं रस्त्यावरच्या माणसाची नजर काचेतनं वर चढते आणि काचेच्या वरच्या भागातनं त्याला आपलं छत आणि पंखाच दिसतो. माणसं, सोफा, टेबल हे सगळं काचेच्या मधल्या आणि खालच्या भागातनं दिसतं. म्हणजे अख्खी काच झाकायची गरजच नाही! आम्हाला हे लक्षात आलं तेव्हा अर्धा प्रश्न तिथंच सुटला. साडेपाच फुटांपर्यंत आडोसा, त्याच्या वरचा भाग जसाच्या तसा मोकळा, उजेड येतोच आणि दारावर कोण आलंय ते जवळ जाऊन वरनं बघता पण येतं.

पण आता आडोसा कशाचा, इथं खरी गोम आहे आणि हे मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नाही. सगळे सांगतात फ्रॉस्टेड फिल्म लावा, ती पांढरट धुक्यासारखी. फिल्म चांगलीच असते, वाईट नाही. पण आमची वेल कशामुळं दिसते? ती पांढरट आहे आणि तिच्यामागची काच मोकळी आहे म्हणून दिसते. मागची मोकळी जागा पण पांढरट केली की पांढऱ्यावर पांढरं, वेल गेली. हे फिल्म न आणता घरी तपासता येतं, एक कोरा पांढरा कागद काचेच्या आतनं चिकटून धरा आणि बाहेरनं बघा, डिझाईन जवळजवळ गायब होतं. आता त्याच जागी गडद रंगाची ओढणी धरा. वेल एकदम उठून येते, मोकळ्या काचेपेक्षा पण जास्त. आत्यांनी त्यांचं जुनं गडद हिरवं लुगडं मागं धरलं आणि मामा बाहेरनं बघत होते, ते म्हणाले, "अगं, पक्ष्याचे डोळेसुद्धा दिसायला लागले की." त्या क्षणाला आमचं ठरलं, या दोन पल्ल्यांना फिल्म नाही, कापड, आणि ते पण गडद.

कापड इचलकरंजीचं साधं कॉटन घेतलं, बाटलीच्या हिरव्या रंगाचं. इतक्या जवळ हातमाग-यंत्रमागाचं गाव असताना तयार नेटचे पडदे कशाला. कापड घेताना एक बघा, दुकानातच मोबाईलचा टॉर्च मागं धरून कापडातनं बोटं मोजता येतात का. येत असतील तर रात्री माणसांच्या सावल्या पण दिसणार. आणि कापड काचेच्या रुंदीच्या दीडपट तरी घ्या, बारीक चुण्या पडल्या की आडोसा पण वाढतो आणि दिसायला पण छान. नुसता वरनं सोडलेला पडदा दाराला चालत नाही, दार उघडलं की फडफडतो, पल्ल्यात अडकतो, म्हणून वर आणि खाली दोन्हीकडं स्प्रिंगची वायर ओढून घेतली, हुकाला लावायची, धुवायला काढायची. शिंप्याला सांगताना वरखाली दोन्हीकडं नेफा घालायला सांगा आणि उंची एखादा इंच कमी ठेवायला सांगा म्हणजे ताठ बसतो.

आत्यांना सुरुवातीला हे पटत नव्हतं, त्यांचं म्हणणं दारावर पडदा म्हणजे आलेल्याला तोंडावर पाठ दाखवल्यासारखं, लक्ष्मी यायच्या वेळी तर नकोच. त्यांच्या माहेरी शिवाजी पेठेत सोप्याचं, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीच्या जागेचं, दार दिवसभर उघडं असायचं, येणारा-जाणारा सोप्यात टेकायचा, पाणी पिऊन जायचा. मला त्यांचं म्हणणं खरं वाटतं. पण मी त्यांना एवढंच म्हटलं की आत्या, त्या घरात पण सोप्यातनं माजघर दिसत नव्हतं. आलेला माणूस सोप्यापर्यंत, घर त्याच्या आत. आताच्या घरात रस्ता संपला की हॉल आणि हॉलमध्येच सगळं, मधली जागाच राहिली नाही, ती आपल्यालाच कुठंतरी तयार करावी लागणार. त्यांनी मग एक तोडगा काढला, दिवेलागणीला दार थोडा वेळ सताड उघडं ठेवायचं, दिवा लावून झाला की बंद. ते आता रोज चालू आहे आणि मला पण ते आवडायला लागलंय.

बाजूच्या अरुंद काचांवर डिझाईन नव्हतं, तिथं मात्र फ्रॉस्टेड फिल्मच लावली. हे काम काचवाल्यापेक्षा नंबरप्लेट करणारे रेडियमवाले जास्त सुबक करतात, त्यांच्याकडं ४ फूट पन्ह्याचा रोल असतो आणि कटिंगचं मशीन पण, त्यामुळं फिल्ममध्ये बारीक आडव्या मोकळ्या रेषा सोडून पाहिजे असतील तर तशा पण मिळतात. स्वतः लावणार असाल तर सगळा जीव काच साफ करण्यात लावा. ब्लेडनं रंगाचे, सिमेंटचे ठिपके खरवडायचे, मग पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून काच आणि फिल्मची गोंदाची बाजू दोन्ही भरपूर ओलं करायचं, ओलं असेल तर फिल्म सरकवून जागेवर आणता येते, मग मधनं कडेकडं रबराच्या पट्टीनं पाणी काढत जायचं. कडेला चौकटीपासनं एक-दोन एमएम जागा सोडायची, फिल्म लाकडावर चढली की तिथनंच उचलते. लावल्यावर आत पाण्याचे ढगासारखे डाग दिसतील, घाबरून परत काढू नका, ते हळूहळू वाळतात, फक्त आपल्याकडच्या आषाढात लावलीत तर वाळायला लय वेळ लागेल, दिवाळीनंतरचा कोरडा काळ धरा.

बिनगोंदाची, नुसती चिकटून बसणारी फिल्म पण मिळते, भाड्याच्या घराला तीच बरी कारण काढली की काच स्वच्छ. पण ती अगदी गुळगुळीत काचेवरच बसते. बजरी काच, पिनहेड, उठावाच्या फुलांची काच असेल तर त्या खडबडीत बाजूला कुठलीच फिल्म धड बसणार नाही, अशा काचेची बहुतेक एक बाजू गुळगुळीत असते, हात फिरवून ती शोधा.

आता आरशासारखी फिल्म, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. बाहेरच्याला आरसा, आतनं सगळं दिसतं असं सांगून विकतात. दिवसा खरं आहे. पण वर सांगितलं ना, उजेड ज्या बाजूला जास्त ती बाजू उघडी, रात्री आत लाईट लागली की फिल्म उलटी चालते, तुम्हाला आरसा आणि गल्लीला तुमचा हॉल. आणि आपल्याला आडोसा हवा असतो तो मुख्यतः रात्रीच. काळ्या फिल्मचं पण तसंच. गाडीच्या काचांना फिल्म लावायला सुप्रीम कोर्टानं २०१२ साली बंदी घातली, घराच्या काचेला तो नियम नाही, पण माझा आक्षेप वेगळा आहे. गडद फिल्म उन्हाची उष्णता शोषते, काच मध्ये तापते आणि चौकटीत दबलेल्या कडा गार राहतात, साध्या काचेला त्या ताणानं कडेपासनं तडा जाऊ शकतो. दार पश्चिमेला असेल तर जास्तच जपा. मावळतीचं ऊन किती आडवं आत घुसतं हे अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या गावात मी काय सांगणार.

ज्यांचं दार अजून बनायचंय त्यांच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. सँडब्लास्ट काच बसवताना खरखरीत बाजू आत घ्यायला सांगा, मिस्त्रीला आठवणीनं सांगा, तो विचारणार नाही. खरखरीत बाजू पावसानं भिजली की पाणी त्या बारीक खाचा भरतं, उजेड विखुरायचा थांबतो आणि जोपर्यंत ओली आहे तोपर्यंत काच पारदर्शक होते. सेलोटेपचा तुकडा त्या बाजूला दाबून चिकटवून बघा, तेवढ्या जागेतनं आरपार दिसेल. आपल्या जुलैच्या पावसात अशी काच दिवसदिवस ओली राहणार. टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच घेणार असाल, आणि दाराला घ्यावीच, साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर सुरीसारखे तुकडे न होता बारीक खडे होतात, तर मापं, भोकं, कटिंग सगळं टफन करायच्या आधी उरकून घ्या, नंतर तिला कापता येत नाही, अख्खी काच फुटते. आणि डिझाईन ठरवताना वेल मोकळी ठेवून मागची जागा सँडब्लास्ट करायला सांगितली तर आडोसा काचेतच होतो. एवढं एक वाक्य आधी माहीत असेल तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

धुरकट, म्हणजे सँडब्लास्ट केलेल्या किंवा फ्रॉस्टेड फिल्म लावलेल्या, काचेबद्दल अजून एक, ती काहीच दाखवत नाही असं नाही. काचेला टेकून ठेवलेली वस्तू स्पष्ट दिसते, जसजसं लांब जाल तसं पुसट होतं. त्यामुळं सोफा दारापासनं चार-पाच फूट मागं घ्या. शिवाय हॉलची लाईट माणसांच्या मागच्या भिंतीवर असेल तर सावल्या थेट काचेवर पडतात, ती बंद करून दाराच्या बाजूच्या भिंतीवरची लावा. पोर्चमधली लाईट संध्याकाळी चालू ठेवली तरी बाहेरच्याला आतलं बरंच कमी दिसतं, हा उपाय तर आजच होईल.

जुन्या घरात शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली रंगीत काच असेल तर तिच्यावर कृपा करून काही चिकटवू नका, दाबून पुसू पण नका, त्या पट्ट्या मऊ असतात. तिच्या आतनं वेगळी साधी धुरकट काच लाकडी बीडिंगनं बसवून घ्या, स्क्रूची, म्हणजे काढून मधली धूळ पुसता येईल. दिवसा आतनं रंग थोडे मंद होतील पण रात्री रस्त्यावरनं ती काच सुंदर दिसेल.

फिल्म लावलेल्यांना शेवटचं, सकाळी उंबरा धुताना पाणी काचेच्या खालच्या कडेला उडतं आणि फिल्म पहिली सुटते ती तिथंच. आम्ही खालनं तीनेक इंच जागा मोकळी सोडूनच फिल्म सुरू केली, तेवढ्यातनं कुणाला काही दिसत नाही आणि आत्यांना उंबऱ्यावर मनसोक्त पाणी ओतता येतं. पुसायला मऊ ओलं फडकं पुरतं, घासणी लावू नका.