चार इंची भिंत

"चार इंची तर भिंत आहे साहेब, तिचं असं कितीसं वजन?"

घरमालक काकांचं चुकत नव्हतं. वजन खरंच फार नव्हतं.

कऱ्हाडजवळचं दोन मजली घर. पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकून दोन महिने झालेले, वर दुसऱ्याचं सेंटरिंग चालू. ड्रॉइंगमध्ये गॅलरीला रेलिंग होतं. पण वाळत घातलेले कपडे रस्त्यावरून दिसतील म्हणून काकूंना भिंत हवी होती. ठेकेदाराने विटासुद्धा उतरवून घेतल्या होत्या. मला, म्हणजे घराच्या इंजिनिअरला, विचारायचं त्याला सुचलं नाही. मी दुसऱ्याच कामासाठी गेलो आणि विटांचा ढीग दिसला.

प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलने हिशेब मांडला. गॅलरी १.२ मीटर बाहेर. एक मीटर रुंदीची पट्टी धरली, तर १२५ मिमीचा स्लॅब, वरची फरशी आणि आयएस ८७५ (भारांचं भारतीय मानक) प्रमाणे माणसांचा भार मिळून साधारण ८७० किलो. हा भार सगळीकडे सारखा पसरलेला, म्हणून त्याचं अंतर निम्मं, ०.६ मीटर. मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, भार गुणिले अंतर: ५२२ (किलो गुणिले मीटर). प्लास्टरसकट मीटरभर उंच भिंत २८० किलो. पण ती अगदी टोकाला, मुळापासून १.१४ मीटरवर. तिचा मोमेंट ३१९. म्हणजे वजन वाढलं एक तृतीयांशाने, मोमेंट वाढला साठ टक्क्यांहून जास्त.

काका प्लायकडे बघून मान हलवत राहिले. शेजारी फिटर रिंगा बांधत होता. त्याला विचारलं, वीसची सळई वाकवताना चावीत पाईप का घालतोस? म्हणाला, "लांबून धरलं की कमी जोरात वाकती." मी म्हटलं, ही भिंत म्हणजे तुझा पाईप. तो हसला, आणि काकांना त्याने माझ्यापेक्षा बरं समजावलं. दरवर्षी कॉलेजातून नवी पोरं येतात, 'डब्ल्यू एल स्क्वेअर बाय टू' हे मोमेंटचं सूत्र तोंडपाठ असतं. कॅन्टिलिव्हरची, म्हणजे एकाच बाजूने धरलेल्या स्लॅबची, मेन सळई कुठे टाकायची विचारलं की निम्मी खाली बोट दाखवतात. बाहेर लोंबणारा स्लॅब वरून ताणला जातो, आणि काँक्रीटला ताण सोसत नाही. सळई वरच हवी.

तरीही मी हो म्हणणारच होतो. दहा मिमीची सळई दर २०० मिमीवर, वरून कव्हर (सळईवरचं काँक्रीट) २० मिमी. ताकद निघत होती १५.४ किलोन्यूटन-मीटर (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो). भिंतीसकट, सुरक्षिततेसाठी दीडपट भार धरून, लागणार होते १२.५. बसत होतं.

तेवढ्यात फिटर खाली मान घालूनच म्हणाला, "साहेब, त्या दिवशी गॅलरीत लई तुडवलं होतं."

त्या दिवशी म्हणजे स्लॅबच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी चेकिंग मीच केलं होतं. सळई खुर्च्यांवर (तिला वर उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळयांवर) नीट बसलेली होती, मी सही केली. सकाळी काँक्रीट सुरू झालं आणि अकराला मी दुसऱ्या साइटवर निघून गेलो. पाइपवाले, व्हायब्रेटरवाले सगळे गॅलरीच्या कडेने फिरले असणार. फळ्या टाका असं सांगितलं होतं. फळ्या टाकल्या होत्या का, ते बघायला मी नव्हतो.

मुळाशी तीन ठिकाणी छिन्नीने खोदायला लावलं. वीस मिमीवर सळई नाही. चाळीसवर नाही. साठवर टणत्कार झाला. तिन्ही ठिकाणी थोड्याफार फरकाने तेच.

चाळीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटं. पण खालच्या कडेपासून सळईची खोली १०० ची ६० झाली, आणि ताकद १५.४ वरून ८.६ वर आली. रेलिंगसाठी ८.१ लागतात. म्हणजे गॅलरी उभी राहील, पण कशीबशी. भिंतीचा विषय संपला.

ठेकेदार म्हणाला, "एवढं कोण बघतं साहेब?" त्याच्यावर चिडायला मला तोंड नव्हतं. काकांना स्पष्ट सांगितलं की ही चूक बांधकामात झाली आहे आणि चेकिंगवर सही माझी आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "उद्या मी नसताना पोराने भिंत बांधली तर?" ड्रॉइंगवर लाल शाईत लिहून दिलं. ड्रॉइंग पुढे कुठल्या कपाटात जातं, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या स्लॅबला मी पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत गॅलरीपाशी उभा होतो. फिटर व्हायब्रेटरवाल्यावर माझ्याआधी ओरडत होता.

याच ठेकेदाराच्या आणखी चार गॅलऱ्या माझ्या सहीच्या आहेत. दोघींवर भिंती आहेत. एका मालकाला फोन केला, खोदून बघू म्हटलं. तो म्हणाला, "तडा नाही, काही नाही, चांगली फरशी कशाला फोडायची?" दुसऱ्याचा फोन अजून लागलेला नाही.