अकरा नळ्या आणि एक न भरलेली लेन

आमच्या लॅबच्या उणे वीसच्या फ्रीझरमध्ये तिसऱ्या कप्प्यात एक डबी आहे. तिच्यात एलवाय-२९४००२ च्या अकरा नळ्या आहेत. हे इन्सुलिनचं काम अडवणारं रसायन. होत्या तेरा. पाच मिलिग्रॅमची कुपी आली होती. पाच मिलिग्रॅम म्हणजे तळाला लागलेली पांढरी धूळच, पण बिल माझ्या दोन महिन्यांच्या खोलीभाड्याएवढं. ती ३२५ मायक्रोलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवली की ५० मिलिमोलरचं द्रावण होतं. पंचवीस-पंचवीस मायक्रोलिटरच्या नळ्या केल्या, मार्करनं तारीख टाकली. तारीख जुलैची. हे लक्षात ठेवा.

गावी गेले की आबा हमखास विचारतात, "काय करतीस गं तिथं दिवसभर?" आमचं गुऱ्हाळ आहे, कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातच. आबांना आठ वर्षांपासून शुगर आहे आणि गूळ खाल्ला तर चालतो, साखरेचंच तेवढं वाईट, यावर ते ठाम आहेत. (आबा, गुळातही साखरच असते. शंभर वेळा सांगून झालं.) तर मी सांगितलं, इन्सुलिनचं काम बंद पाडणारं एक औषध पेशींवर टाकते.

"बंद पाडायचं? आनि ह्याचा पगार मिळतोय व्हय?"

मग काहिलीचंच उदाहरण दिलं. रस आटतोय, चुलवाणात एक गडी जाळ घालतोय, दुसरा मळी काढतोय, गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतोय. कुणामुळं काय होतंय हे लांबून कळत नाही. एकाला तासभर घरी पाठवा. जे काम अडलं, ते त्याचं. आबांना पटलं. वर म्हणाले, "पर त्यो गडी पानीबी आनत आसंल तर? मंग पानी अडलं का जाळ अडला, कळायचं कसं?"

एलवायवरचा सगळ्यात मोठा आक्षेप त्यांनी चहा संपायच्या आत घेतला होता.

थोडं सविस्तर सांगते. इन्सुलिन स्नायूच्या पेशीवरच्या रिसेप्टरला बाहेरून चिकटतं. आत निरोप जातो तो पीआय-३-कायनेज नावाच्या एन्झाइमकडं. हे एन्झाइम पेशीच्या पडद्यातल्या एका मेदरेणूवर आणखी एक फॉस्फेट चढवतं. त्या खुणेवर एकेटी नावाचं प्रथिन येऊन बसतं, त्याच्यावरही फॉस्फेट चढतं आणि ते जागं होतं. मग आत साठवलेले ग्लूट-४ हे वाहक पडद्यावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. हे फॉस्फेट येतं एटीपी नावाच्या रेणूकडून, आणि एलवाय बसतं पीआय-३-कायनेजच्या एटीपीच्या जागेवर. एटीपी नाही, तर फॉस्फेट नाही, तर पुढचं सगळं ठप्प.

हा रेणू एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये जाहीर केला. १९२३ मध्ये इन्सुलिन बाजारात आणणारी कंपनी तीच, याची मला अजून गंमत वाटते. आणि त्यांनी सुरुवात केली होती क्वेर्सेटिनपासून. क्वेर्सेटिन म्हणजे कांद्यात भरपूर असतं ते. मिसळीवर कांदा भुरभुरताना हे आठवलं की मैत्रिणी म्हणतात, आता जेव गप.

याच्या आधीचं वॉर्टमॅनिन. ते बुरशीतून मिळतं, कितीतरी कमी मात्रेत काम करतं आणि एन्झाइमला कायमचं जखडून टाकतं. पण मिडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, काही मिनिटांतच निकामी व्हायला लागतं. एलवाय त्या मानानं सोशिक. फक्त आबा म्हणाले तसा हा गडी पाणीही आणतो. एमटॉर आणि कॅसिन कायनेज-२ ही दुसरी एन्झाइमंही तो अडवतो. म्हणून नुसत्या एलवायवर कुठला निष्कर्ष उभा करायचा नसतो.

हे सगळं पाठ असताना मी जे केलं ते आता सांगते.

आमच्याकडं जांभळाच्या बियांच्या अर्कावर काम चालतं. प्रश्न साधा होता: अर्कामुळं एकेटी जागं होत असेल, तर ते पीआय-३-कायनेजच्या वाटेनं होतं की दुसरीकडून? एल-६ पेशी, उंदराच्या स्नायूच्या. सहा दिवस घोड्याच्या सीरमवर वाढवून त्यांचे लांबट तंतू केले. चार तास उपाशी ठेवल्या. मग अर्धा तास ५० मायक्रोमोलर एलवाय, नंतर अर्क. वेस्टर्न ब्लॉट केला: पेशींतली प्रथिनं जेलमध्ये वेगळी करायची, प्रत्येक नमुना आपापल्या रांगेत, म्हणजे लेनमध्ये, आणि जिथं जागं एकेटी असेल तिथं फिल्मवर पट्टी उमटते. जानेवारीतल्या एका गुरुवारी रात्री साडेनऊला फिल्मवर पट्टी उमटली. अर्क अधिक एलवायच्या लेनमध्ये. एकेटीच्या वजनाच्या जागी, साठ किलोडाल्टनच्या आसपास, ठसठशीत, नुसत्या अर्काच्या लेनइतकीच गडद.

म्हणजे दार बंद असूनही एकेटी जागं. म्हणजे आमच्या जांभळानं दुसरी वाट काढली!

शुक्रवार आणि शनिवार मी जमिनीवर नव्हते. गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिताना मनातल्या मनात पेपरचं शीर्षक ठरवत होते. मैत्रिणीला सांगितलं, नाद खुळा रिझल्ट आलाय.

सोमवारी माझ्या गाइड मॅडमनी फिल्म उजेडाला धरली. अर्धा मिनिट काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इन्सुलिन अधिक एलवाय कुठाय?"

नव्हतं. ती लेन मी गाळली होती. जेलला दहाच खण, मला प्रत्येक नमुना दोनदा घ्यायचा होता आणि एलवाय महाग. इन्सुलिनला एलवाय अडवतं हे जगाला ठाऊक आहे, ते पुन्हा दाखवायला नळी कशाला उघडायची, असा माझा हिशेब. म्हणजे गड्याला घरी पाठवलं असं मी म्हणत होते, पण तो खरंच गेला का, हे बघायलाच कुणी ठेवलं नव्हतं.

"नळी दाखव," मॅडम म्हणाल्या.

आणली, नेहमीसारखी बर्फात खोचून. प्रथिनांची सवय, सगळं बर्फात. डीएमएसओ साडेअठरा अंशाला गोठतं, बर्फात ते कधीच वितळणार नाही. त्या गुरुवारी सकाळी लॅबमध्येही थंडी होती. मी नळी मुठीत धरून वरवर पातळ झाल्यासारखं वाटताच पिपेट घातलं होतं. मॅडमनी ती सदतीस अंशाच्या वॉटर बाथमध्ये ठेवली आणि दोन मिनिटांनी खिडकीपाशी नेली. द्रावण पातळ झालं होतं, पण तळाच्या टोकाला पांढरे कण बसले होते. मोहरीच्या फोलपटाएवढे, नळी तिरकी केली की सरकणारे. माझी दोन महिन्यांची खोली तिथं तळाशी बसली होती आणि मी वरचं नुसतं डीएमएसओ पेशींना पाजलं होतं.

जुलै आठवला. धो धो पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर, लॅबच्या भिंतींना ओल. आणि मी डीएमएसओची बाटली टेबलावर उघडी ठेवून सावकाश नळ्या भरत होते. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी शिरलं की एलवायसारखे रेणू बाहेर पडतात.

तीच नळी आणखी दहा मिनिटं गरम ठेवून व्होर्टेक्सवर, म्हणजे घुसळायच्या यंत्रावर, फिरवली. कण गेले. पेशी पुन्हा वाढवायला आठवडा गेला. यावेळी इन्सुलिन अधिक एलवायची लेन घातली आणि नुसत्या डीएमएसओचीही. दोन्ही एलवायच्या लेन कोऱ्या आल्या. जांभळाची वाट तीच निघाली, सगळ्यांची असते ती. आता वॉर्टमॅनिननं तेच पडताळायचं आहे. दुसरा गडी, ज्याच्याकडं पाण्याचं काम नाही. (त्याचीही जोडधंदे करायची सवय आहे म्हणे, पण वेगळी.)

आबांना फोनवर सांगितलं. त्यांना माझ्या पट्टीचं काही नव्हतं. त्यांचा प्रश्न दुसराच, "माणसाला देत्यात का असलं काय?"

देतात. एलवाय नाही, पण त्याच वाटेवरचं अल्पेलिसिब. २०१९ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. त्या गाठीत हेच एन्झाइम बिघडून सतत चालू राहिलेलं असतं. आणि त्या औषधाचा नेहमी दिसणारा त्रास कोणता, तर रक्तातली साखर वाढणं. गाठीतलं एन्झाइम अडवायला जावं, तर स्नायूतलं आणि यकृतातलंही अडतं.

पलीकडं जरा वेळ शांतता. मागं चुलवाणाचा आवाज येत होता.

"म्हंजे त्या बाईला गूळबी बंद?"

"हो आबा. गूळबी."

"आरारा," आबा म्हणाले, आणि कुणाला तरी जाळ कमी करायला सांगायला फोन तसाच ठेवून गेले.