न्यूअर्कचं नाणं

लंडनमधल्या एका लिलावगृहात जुनी चांदीची नाणी तपासणं हे माझं काम. लोक डबे भरून व्हिक्टोरिया राणीची झिजलेली नाणी आणतात. बहुतेकांना चांदीच्या वजनापलीकडे फारसं मोल नसतं. त्या दिवशी सत्तरीच्या एका बाईंनी असाच डबा टेबलावर उपडा केला आणि त्यातून शंकरपाळ्याच्या आकाराचा चपटा तुकडा बाहेर आला. त्यांना तो कसल्याशा पदकाचा तुटका भाग वाटत होता.

एका बाजूला मुकुट, त्याच्या दोन्ही अंगांना सी आणि आर, म्हणजे लॅटिनमधलं ‘चार्ल्स राजा’, खाली रोमन बारा, म्हणजे बारा पेन्स, एक शिलिंग. मागे तीन ओळी: ओबीएस (‘वेढलेलं’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं लघुरूप), न्यूअर्क, १६४६.

म्हणजे वेढ्यातलं शिलिंग! इंग्लंडच्या यादवीत न्यूअर्क पहिल्या चार्ल्स राजाच्या बाजूचं. पार्लमेंट आणि स्कॉटिश फौजांनी शहर वेढलं. आतल्या सैनिकांचा पगार तर द्यायलाच हवा. मग चांदीची भांडी गोळा करून त्यांच्या पत्र्यातून नाणी कापली. अशा तिरप्या चौकोनात पत्रा कमी वाया जातो. शेवटी मे १६४६ मध्ये, खुद्द राजाच्या हुकमावरून, शहर शरण गेलं.

पण न्यूअर्कच्या नकला उदंड आहेत, म्हणून आधी काटा. वजन सहा ग्रॅमला जरा कमी, म्हणजे ठीक. मग भिंग. ओतीव नकलेवर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरं बोथट असतात. इथे अक्षरं ठशाच्या घावानं उठलेली, कडेला कातरीच्या खुणा. आणि मुकुटाशेजारच्या खोलगट जागेत पिवळी झाक. ज्या भांड्यातून हा तुकडा कापला, त्याचा सोन्याचा मुलामा अजून तिथे टिकून होता. मी भिंग बाईंच्या हातात दिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मुकुटाच्या वर एक भोक होतं. "हे बुजवलं तर किंमत वाढेल का हो?" त्यांनी विचारलं.

भोकाचं नाणं बाजारात स्वस्त जातं, हे खरं. पण बुजवलेलं भोक जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही आणि भाव आणखी पडतो. शिवाय या भोकाची वरची कड दोऱ्यानं घासून गुळगुळीत झाली होती. कुणीतरी ते वर्षानुवर्षं गळ्यात घातलं होतं. माझ्या लेखी कोऱ्या नाण्यापेक्षा हे मोठं. "हात लावू नका," मी म्हणाले, "आणि पॉलिश तर अजिबात नको."

"मग विकायचं नाही," त्या म्हणाल्या. विम्यासाठी मी किमतीचा कागद करून दिला. डब्यातली बाकीची नाणी मात्र त्यांनी लिलावाला ठेवली.