डुकरांनी धान लोळवलं, पंचनाम्याने आम्हाला

मी डोंबिवलीची, लग्न होऊन चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात आले तेव्हा माहेरी सगळ्यांनी वाघाचीच भीती घातलेली. वाघाची, सापाची होते हो सवय. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय अंगणात उतरायचं नाही, जमिनीवर अंथरूण टाकायचं नाही कारण मण्यार रात्रीच फिरते, एवढं पाळलं की झोप लागते. मला घाम फोडला तो रानडुकरांच्या नुकसानभरपाईने.

धान कापणीला आलेलं आणि एका रात्रीत बांद्या, म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे, आडव्या. डुक्कर खातं कमी, लोळवतं जास्त. चिखलात खुरांचे ठसे आणि प्रत्येकाच्या मागे दोन बारीक टोचे, त्यावरूनच वनरक्षक म्हणाले गुरं नाहीत, डुक्करच.

३ दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्यायचा असतो, दिला. सातबारा, पासबुक, फोटो, सगळं लावलं. पण पंचनाम्याला वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक तिघं एकत्र पाहिजेत म्हणे, आणि ते काही जुळेना! तलाठी मोकळे तर कृषी सहायक ट्रेनिंगला, ते आले तर वनरक्षक जंगलाच्या दुसऱ्या बीटात, म्हणजे दुसऱ्या हद्दीत. तोवर कापायचं नाही, कापलं तर नुकसान दाखवणार कुठून? इकडे धान झडतंय, ठरवलेल्या बाया दुसऱ्याच्या वावरात कापणीला गेल्या, आभाळ रोज भरून येतंय. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आपले शांत, "येतीन ना बाई, कायले जीव जाळून राहिली." ऑफिसात एकजण तर म्हणाला, "मॅडम, डुकरांनी सगळ्यांचंच खाल्लंय." अहो, म्हणूनच या ना!

शेवटी तिघांना एकाच कॉन्फरन्स कॉलवर घेतलं, एकमेकांसमोर दिवस ठरवायला लावला, मग कोणाला सटकता येईना. घरात माझी कॉलर अजून ताठ आहे त्यावरून.

सही करण्याआधी क्षेत्र किती लिहिलंय ते वाचा, आमची एक बांदी गाळली होती. आणि हो, अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्याच, नाहीतर "अर्ज मिळालाच नाही" ऐकाल. गाय-बैल वाघाने मारला तर मुदत अजून कमी, ४८ तासांत कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही.

पैसे आले उन्हाळ्यात, कापणीची मजुरी तेवढी निघाली. यंदा धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, जुन्या साड्या बांधल्यात. कोणी कितीही सांगितलं तरी तारेत करंट मात्र सोडू नका, इकडे त्याने वाघही मेलेत आणि माणसंही, वर गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.