रात्रीच्या स्प्लिंटसाठी नऊ आठवडे – माझा अनुभव

माझ्या 11 वर्षांच्या मुलाला शार्को-मारी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार आहे. एका स्प्लिंटसाठी, म्हणजे पाऊल ठरावीक स्थितीत धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या आधारासाठी, आमचे नऊ आठवडे गेले. त्याचा राग अजून निवलेला नाही, म्हणून लिहितेय.

निदान तसं लवकर झालं. सासऱ्यांचे पाय असेच होते, कमान उंच, बोटं आखडलेली. चालता चालता चप्पल निसटून मागे राहायची आणि त्यांना कळायचंही नाही. ह्यांचंही थोडंफार तसंच. मुलाच्या नसांची तपासणी झाली, मग रक्ताची, आणि पीएमपी22 या जनुकाची एक प्रत जास्त निघाली.

उकिडवं बसलं की त्याच्या टाचा टेकेनाशा झाल्या, तेव्हा मी घाबरले. या आजारात पंजा वर उचलणारे स्नायू लवकर कमजोर होतात, पोटरी मात्र ओढत राहते आणि घोटा हळूहळू ताठतो. फिजिओथेरपीच्या मॅडमनी रात्री घालायचा स्प्लिंट लिहून दिला. घोटा काटकोनात, 90 अंशांवर धरून ठेवणारा.

आणि तिथून आम्ही अडकलो.

स्प्लिंट ज्या कार्यशाळेत बनतो तिथे माप फक्त मंगळवारी. पहिल्या मंगळवारी चिठ्ठीवर शिक्का नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या मंगळवारी प्लॅस्टरचा साचा घेतला. मुलगा टेबलावर पाय लांब करून बसला होता, मदतनीस ओल्या पट्ट्या गुंडाळत होता आणि पाऊल खाली लोंबत होतं. मला खटकलं, पण मी गप्प बसले. ते गप्प बसणं महागात पडलं.

पाच आठवड्यांनी स्प्लिंट हातात आला तो पंजा खाली झुकलेलाच. जे व्हायला नको म्हणून एवढी धडपड, तेच प्लॅस्टिकमध्ये पक्कं करून दिलं होतं. मी म्हटलं, "अहो, हा काटकोनात नाहीये." खिडकीवरचे म्हणाले, "साच्याप्रमाणेच आहे, ताई. नवीन पाहिजे तर नवीन केसपेपर काढा." पुन्हा रांग, पुन्हा डॉक्टरांची सही, पुढचा मंगळवार सुट्टीचा. मुलाची शाळा बुडत होती ती वेगळीच. एसटीत तो मला विचारायचा, "आई, माझाच पाय चुकीचा आहे का?"

दुसऱ्या साच्याच्या वेळी मी मॅडमकडून नीट लिहून नेलं होतं: गुडघा वाकवून बसवा म्हणजे पोटरी सैल पडते, टाच आत वळू देऊ नका, प्लॅस्टर सुकेपर्यंत पाऊल काटकोनात धरा. मी टेबलाशेजारी उभी राहून एकेक ओळ वाचली. तिथल्या ऑर्थोटिस्टनी, म्हणजे असे आधार बनवणाऱ्या तज्ज्ञांनी, स्वतः पाऊल धरलं आणि दोन आठवड्यांत स्प्लिंट बरोबर आला. मला रडू आलं.

तुम्हीही चिठ्ठीवर ‘रात्रीचा’ आणि ‘90 अंश’ हे शब्द लिहूनच घ्या. चालताना बुटात घालायचा स्प्लिंट वेगळा असतो.

या मुलांना पायाला टोचलेलं नीट कळत नाही. पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी स्प्लिंट काढून घोटा, टाच, करंगळीची बाजू बघायचे. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तो घालू नका, दुरुस्तीला न्या. आत सुती मोजा हवाच, शिवण बाहेर करून. सुरुवातीला दोन तास, मग हळूहळू रात्रभर.

मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. त्यांनी सांगितलं की ऑस्ट्रेलियात यावर अभ्यास झालेत. नुसत्या रात्रीच्या स्प्लिंटने घोटा फारसा सुटला नव्हता. रात्री पायात घालायचं प्लॅस्टर टप्प्याटप्प्याने बदलत गेले तेव्हा काही अंश फरक पडला, पण नंतर तो टिकला नाही. म्हणून पोटरी ताणायचे व्यायाम रोज करतोच, भिंतीला हात टेकून, गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं: व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध या आजारात नसांना फार घातक ठरतं. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आजाराचं नाव आधी सांगा.

परवा करंगळीजवळ लाल ठिपका दिसला. पाऊल वाढलंय. मंगळवारी पुन्हा माप द्यायला चाललोय, मॅडमनी लिहून दिलेला तो कागद पिशवीत ठेवलाय.